सिद्दींवर पीएचडी करायची, पण पैसा कुठून?

नर्मदेकाठी भेडाघाटला गेलेला माणूस संगमरवरी कडे पाहतो, धुवांधारचे तुषार अंगावर घेतो आणि परततो. नर्मदा मात्र पुढे वाहत गुजरातेत उतरते. तिथे भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचं ते श्रद्धास्थान. अकीक दगडाच्या व्यापाराशी या पिराचं नाव जोडलेलं आहे. महाराष्ट्रात जंजिऱ्याचे सिद्दी आहेत, आणि १६१० साली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा हबशी मलिक अंबरही.

हे विषय घेऊन येणारी मुलं आधी विचारतात, यासाठी शिष्यवृत्ती कोणती? विषयाच्या नावाची शोधत बसू नका. आपल्याकडे पैसा मिळतो तो बहुधा विद्याशाखेतून. इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र, जे तुमचं असेल त्यात नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळवा. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात. मार्गदर्शक हवा असेल तर मुंबई विद्यापीठात आफ्रिका अध्ययनाचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

परदेशी जायचं तर एक मेख आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पण २०२२ च्या नियमांनी भारताचा इतिहास, संस्कृती आणि भारतीय समाज हे विषय तीतून वगळले. म्हणजे जंजिऱ्यासाठी पैसा नाही, ब्राझीलच्या आफ्रिकी वस्त्यांवर लिहाल तर अर्ज करता येईल! मला हा नियम पटत नाही, पण अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली वाचाच.

अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अभ्यासाचे, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन अध्ययनाचे, स्वतंत्र विभाग आहेत. टेंपल विद्यापीठाने १९८८ मध्ये त्यातला पहिला पीएचडी अभ्यासक्रम सुरू केला. चांगले विभाग सहसा फी माफ करतात आणि शिकवण्याच्या मोबदल्यात विद्यावेतन देतात. प्रवेश मिळाला पण पैसा नाही, असं पत्र आलं तर तो नकारच समजा. पीएचडीसाठी कर्ज काढू नका. भारतातच पीएचडीची नोंदणी झाली असेल, तर काही महिने तिकडच्या ग्रंथालयांत घालवायला फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल शिष्यवृत्ती आहे.

अर्जात सगळे लिहितात की विषयाची फार आवड आहे. तुम्ही लिहा, मला मोडी वाचता येते. पेशव्यांच्या जंजिरा मोहिमांचे कागद मोडीत आहेत आणि ते वाचू शकणारा उमेदवार परदेशी निवड समितीला सहसा भेटत नाही. येत नसेल, तर अर्जाच्या आधी मोडी शिका.