वीस शब्द, दहा सेकंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



गुंतवणुकीच्या जाहिराती हा आपल्या चळवळीचा विषय आहे काय, अशी शंका आपल्यापैकी काहींनी बोलून दाखविली. शेअरबाजार म्हणजे जुगार, जुगाऱ्याने आपले पाहून घ्यावे, असा तिच्यामागचा भाव. मला तो मान्य नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. आणि शेवटच्या वर्षी यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे नोंदविले होते. हा आपलाच वर्ग आहे.

नियम नाहीत म्हणून हे घडते, असे म्हणणे सोपे, पण वस्तुस्थितीला सोडून होईल. गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन-विश्लेषक यांच्यासाठी सेबीने एप्रिल २०२३ मध्ये तपशीलवार जाहिरात-संहिता घालून दिली. ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही, मागील कामगिरीचा दाखला देण्यास त्या वेळी मनाई केली, ‘सर्वोत्तम’, ‘क्रमांक एक’ अशी विशेषणे वापरता येत नाहीत. जोखमीचा इशारा ठरलेल्या शब्दांत द्यावयाचा, त्यात एक शब्द अधिक-उणा चालत नाही. दृक्‌श्राव्य जाहिरातीत वीस शब्दांना निदान दहा सेकंद दिले, तर तो इशारा स्पष्ट मानता येईल, इतका हिशेब मांडलेला आहे. सेकंदाला दोन शब्द! आयुष्यभर वर्गात शिकविलेल्या माणसाला या हिशेबाचे कौतुकच वाटते.

परंतु याच संहितेत एक सवलत आहे. मोबाइलवरील छोट्या संदेशात वा पडद्यावर अचानक उमटणाऱ्या जाहिरातीत जागा अपुरी, म्हणून तेथे इशारा व नोंदणी क्रमांक नसला तरी चालतो. अधिकृत संकेतस्थळाचा दुवा दिला आणि तेथे हा तपशील असला म्हणजे झाले. अक्षराने नियम पाळला गेला. पण वाचणाऱ्यापुरता इशारा एका दाराआड गेला आणि आमिष तेवढे उंबरठ्यावर राहिले. इशारा मावत नसेल तेथे आमिषालाही जागा असू नये, अशी मागणी आपण का करू नये?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात सारा गाव पाहत असे. शेजारचा शिक्षक तीवर बोट ठेवू शकत असे. आजची जाहिरात निवडून एकेकाला दाखविली जाते आणि उद्या ती नाहीशी होते. नोंदणीकृत सल्लागाराला जाहिरातीची आगाऊ मान्यता घ्यावी लागते, तिची प्रत जपून ठेवावी लागते. बिननोंदणीचा भामटा यांपैकी काहीच करीत नाही, त्यामुळे प्रामाणिक माणूसच बाजारात मागे पडतो. मात्र जाहिरातीचे पैसे मोजून घेणारी कंपनी दोघांकडूनही घेते. मार्च २०२५ मध्ये सेबीने नोंदणीकृत संस्थांना सांगितले, की गूगल, मेटा अशा मंचांवर जाहिरात द्यावयाची तर सेबीकडे नोंदविलेल्या ई-मेल व दूरध्वनी क्रमांकानिशी तेथे नाव नोंदवा, म्हणजे मंचाला पडताळणी करता येईल. पाऊल योग्य आहे. पण येथेही पहिला भार जाहिरातदारावरच टाकला. खोट्या जाहिरातीतून मिळालेले उत्पन्न मंचाकडून वसूल करून फसलेल्यांना का देऊ नये, हा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे.

तोवर वस्तीत काम करणाऱ्यांनी एवढे करावे. कोणी अशी जाहिरात घेऊन आला तर प्रथम तारखेसह तिचे छायाचित्र ठेवा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक ताडून पाहा. संस्था नोंदणीकृत असेल तर तक्रार ‘स्कोअर्स’वर, नसेल आणि पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० हा क्रमांक फिरवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडविता येण्याचा तेवढाच अवधी असतो.