स्कुटीचा गंज घरीच काढताना

आम्ही दरेकसाहून बोलतो आहोत. धान घरात आला, मळणी उरकली, हात जरा मोकळे झाले. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरली की पुन्हा कुणाला फुरसत मिळत नाही. म्हणून मधल्या या कोरड्या दिवसांत उरकता येईल असं एक काम आज सांगणार आहोत. ते म्हणजे गाडीचा गंजलेला पत्रा घरच्या घरी रंगवणं.

आपल्या गटांत आता बऱ्याच जणींकडे स्कुटी नाहीतर मोपेड आहे. कुणी त्यावर दूध नेते, कुणी बँकेच्या कामाला सालेकसाला जाते, आशाताई तर रात्री-बेरात्रीही निघतात. यातल्या बहुतेक गाड्या जुन्या घेतलेल्या, गटाच्या कर्जातून. कर्जाचे हप्ते संपायच्या आधीच मडगार्ड सडायला लागतं, आणि गाडी विकायची वेळ आली की घेणारा आधी गंजावर बोट ठेवतो आणि मग भाव पाडतो. आमच्यातली एक जण एका गॅरेजमध्ये विचारायला गेली. अख्खी गाडी रंगवायचे साडेचार हजार सांगितले, आणि नुसता गंजलेला तुकडा करून द्यायला ते तयार नव्हते. मग आम्ही चार-पाच जणी बसलो, माहिती काढली आणि ते काम अंगणात केलं.

रंग लावायच्या आधी एक गोष्ट नीट बघा. गंज किती खोल गेला आहे? स्क्रू ड्रायव्हरचं टोक गंजावर दाबायचं. पत्रा टणक लागला तर गंज वरचा आहे, तो आपल्या हातातला. टोक आत गेलं, पत्र्याचा चुरा पडला, तर ते काम वेल्डिंगवाल्याचं. भोकावर पुट्टी भरून रंग मारला तर गाडी नवी दिसते, पण पुट्टी म्हणजे लोखंड नाही. पाय ठेवायच्या पत्र्याखाली, सीटखालच्या सांगाड्यावर किंवा चाकाच्या आधाराजवळ असा सडलेला भाग असेल तर रंगाचा विचार सोडून द्या आणि आधी वेल्डिंग करून घ्या. तिथे पोराबाळांना बसवून आपण जातो. जुनी गाडी विकत घेतानाही ही दाबून बघायची युक्ती वापरा, कारण ताज्या रंगाखाली काय आहे ते विकणारा सांगत नाही.

दुसरं, भाग पत्र्याचा आहे की प्लास्टिकचा? जवळ चुंबक धरा. चिकटला तर लोखंडी पत्रा. प्लास्टिकला गंज येत नाही, फक्त रंग उडतो, आणि त्याला प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो. पत्र्याचा प्रायमर प्लास्टिकवर नीट धरत नाही.

आता तयारी. दिवाळीच्या आधी भिंतीला पोचारा देताना आपण काय करतो? आधी पोपडे खरवडतो, तडे बुजवतो, मग हात फिरवतो. पोपड्यावरच पोचारा मारला तर महिन्यात सगळं खाली येतं. पत्र्याचंही तसंच आहे. काम दहा आणे तयारीचं, सहा आणे रंगाचं. स्क्रू काढून भाग सुटा करता आला तर फारच चांगलं. स्क्रू वाटीत ठेवा, कारण कोंबड्या अंगणात काहीही टोचतात. भाग साबणाने धुवून पूर्ण वाळू द्या. वरचं तेल, ग्रीस, पॉलिश थोड्या थिनरच्या फडक्याने पुसून काढा. पुसायला पेट्रोल घेऊ नका, त्याच्या वाफेचा क्षणात भडका होतो. रॉकेलही नको, ते मागे तेलकट थर ठेवून जातं आणि त्यावर रंग धरत नाही.

गंज तारेच्या ब्रशने काढायचा, मग पॉलिश पेपरने घासायचं, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. रंगाला जिथे फोड आले आहेत तिथे फोडाच्या बाहेरही दोन बोटं घासा, कारण गंज रंगाखालून आडवा पसरतो. वरून दिसतो त्यापेक्षा तो मोठा असतो. जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. बारीक खड्डे असतील तर एनसी पुट्टी पातळ-पातळ थरांत भरा, प्रत्येक थर वाळू द्या. नंतर वॉटर पेपर घ्या, आधी 320 नंबरचा, मग 400, शेवटी 600. पाणी लावूनच घासा.

पाणी लावून घासा हे आम्ही दोनदा सांगू, कारण यात आपल्या मुलांचा प्रश्न आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या आणि केशरी रंगांत. सरकारने घरगुती आणि शोभेच्या रंगांतल्या शिशावर 2016 मध्ये नियम केला, 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, आणि तो 2017 पासून लागू झाला. पण हा नियम घरांच्या रंगांसाठी आहे, गाड्यांच्या रंगाला तो लागत नाही. कोरडं घासलं तर पांढरी-पिवळी धूळ अंगणभर उडते, रांगणारं मूल तिथेच बोटं चाटतं. म्हणून खाली प्लास्टिक अंथरा, ओलं घासा, गाळ त्या प्लास्टिकवरच गोळा करून वेगळा ठेवा. कोंबड्या चरतात तिथे किंवा नाल्यात टाकू नका. आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका या कामात नको. त्यांना दुसरं काम द्या, स्क्रू मोजायचं नाहीतर चहा करायचं. पण चहाची चूल दूर, याबद्दल पुढे सांगतो.

आता प्रायमर. पत्र्याला रेड ऑक्साइड प्रायमर दुकानात मिळतो, स्प्रेचाही मिळतो. घासून उघडं पडलेलं लोखंड रात्रभर ठेवू नका, दवाने सकाळी पुन्हा तांबूस होतं. ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी प्रायमर.

दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: वरचा रंग आणि खालचा प्रायमर एकमेकांना चालतील का? साधा इनॅमल खाली असेल आणि वर लॅकरचा रंग मारला तर थिनरने खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. म्हणून प्रायमर आणि रंग एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात मारून बघा. लॅकरला आपल्याकडचे जुने पेंटर अजून ‘ड्युको’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतून आलं. 1920 च्या दशकात तिकडे हा झटपट वाळणारा रंग निघाला, त्याआधी मोटारीला ब्रशने रंग देऊन वाळवायला आठवडे जायचे.

रंग कोणता घ्यायचा? गाडीचा आहे तोच. आरसीवर रंग लिहिलेला असतो. रंग बदलायचा असेल तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या धावपळीत पैसे वाचवायचा मुद्दाच संपतो. लष्करी हिरवा तर सामान्य गाडीला चालतच नाही, तो सैन्याचा. सीटखाली किंवा आतल्या बाजूला रंगाच्या कोडची चिकटपट्टी असते, तिचा फोटो काढून दुकानात दाखवा. चेसिस नंबर कोरलेला असतो तिथे रंग भरू देऊ नका. नंबर प्लेटलाही कागद लावून झाकून घ्या.

स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवायचा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे. मग साधारण एक वीत अंतरावरून मारायचा. हात सरळ चालवायचा, भागाच्या बाहेरून सुरू करायचं आणि बाहेर जाऊन थांबायचं. बटण दाबून एका जागी हात थांबला की ओघळ आलाच. एकदम झाकायची घाई करू नका. पहिला थर विरळ, खालचा प्रायमर दिसत राहील असा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. ओघळ आला तर बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या, ओल्या वॉटर पेपरने सपाट करा आणि पुन्हा एक पातळ थर मारा. वेळ सकाळी दव उतरल्यावर, साधारण दहानंतरची. वारा सुटला असेल तर त्या दिवशी नको. काम झालं की डबा उलटा करून एकदा दाबायचा म्हणजे नळी मोकळी राहते. एका मडगार्डला दोन-अडीचशेचा एक डबा पुरतो, पूर्ण गाडीला नाही.

आता श्वासाचं. तोंडाला ओढणी बांधली की काम झालं असं आपल्याला वाटतं. ओढणी जाडी धूळ अडवते, थिनरची वाफ नाही. उघड्यावर काम करा, खोलीत किंवा पडवीत नको, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. कोळशाच्या डब्यांचा मास्क मिळाला तर घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. डोकं गरगरलं, मळमळलं की लगेच बाजूला व्हा. आणि रंग एका डब्यात, हार्डनर दुसऱ्या डब्यात, असा दोन डब्यांचा रंग घरी अजिबात मारू नका, त्याची चमक कितीही असो. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही त्रास होतो. तो रंग योग्य साधनं असलेल्या दुकानातच मारून घ्यावा.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत जाते. म्हणून चूल, दिवा, घरच्या माणसांची बिडी, सगळं दूर. थिनरची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. रिकामा डबा चुलीत टाकला तर फुटतो. हाताचा रंग थिनरने चोळून काढू नका, आधी खोबरेल तेल लावून मग साबणाने धुवा.

गटाने हा धंदा करावा का, असं आमच्या बैठकीत दोघींनी विचारलं. आमचं मत विचाराल तर आत्ता नाही. वेगळी जागा, चांगले मास्क आणि पंखा याशिवाय रोज हे काम केलं तर मिळकतीपेक्षा दवाखान्याचा खर्च मोठा होईल. आपल्या गाडीचा एखादा तुकडा वर्षातून एकदा, इतकं ठीक.

रंग बोटाला कोरडा लागला म्हणून लगेच गाडी धुवू नका. पूर्ण कडक व्हायला काही दिवस लागतात, डब्यावर लिहिलेलं वाचा. पॉलिश तर महिनाभर नकोच. रोवणीच्या दिवसांत बांधीतून आलं की मडगार्डच्या आतला चिखल काडीने काढून टाका, पाण्याने धुवा. ओला चिखल तिथे बसून राहतो आणि वरून चकचकीत रंग असला तरी आतून पत्रा खातो. पाय ठेवायच्या जागेवरची रबराची चटई आठवड्यातून एकदा उचलून वाळवा. खताचं पोतं नेलं असेल तर त्याच संध्याकाळी तेवढा भाग धुवा, खताच्या क्षाराने गंज लवकर धरतो.