हिशेब हीसुद्धा शीलाची परीक्षा
(दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरलेली वाटणी होते. गुण भरपूर असतील तर विज्ञान, कमी असतील तर कला आणि काहीच ठरत नसेल तर वाणिज्य. वाणिज्य ही उरलेल्यांची शाखा आहे, ही समजूत आपल्या समाजाला परवडणारी नाही, एवढेच आज सांगायचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. पैशाचे शास्त्र आपल्या मुलांच्या हाती यावे, ही दृष्टी त्यामागे होती.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन वर्षांत काय शिकायला मिळते? पुस्तपालनात पहिला धडा असा की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. घेणारा नावे, देणारा जमा. येते ते नावे, जाते ते जमा. खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. या तीन नियमांवर रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि शेवटी ताळेबंद उभा राहतो. परंतु तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आला, असे नव्हे. विहारासाठी घेतलेले कपाट किरकोळ खर्चात लिहिले तरी तेरीज जुळते. मात्र ताळेबंदातून कपाट नाहीसे होते. अशी चूक बेरजेने सापडत नाही, त्यासाठी समज लागते.

व्यवस्थापनात हेन्री फेयॉल यांची चौदा तत्त्वे अभ्यासावी लागतात. त्यांतले एक असे की अधिकार आणि जबाबदारी बरोबरीने चालली पाहिजेत. आपल्या मंडळांकडे पाहा. १४ एप्रिलची वर्गणी उत्साहाने जमते, पावत्या मात्र अर्धवट राहतात. पुढे कुजबुज सुरू होते आणि एका वस्तीत दोन मंडळे होतात. पुष्कळदा पैसा कोणी खाल्लेला नसतो. तो कुठे गेला हे कागदावर दाखवता येत नाही, इतकेच. प्रामाणिक माणूसही त्यात बदनाम होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे नियमित हिशेब ठेवणे हे विश्वस्तांचे कायदेशीर कर्तव्य आहे. पण कायद्याआधी तो आपल्या शीलाचा प्रश्न आहे.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला ऐहिक सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. उद्योग, कमाईचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय दोन्ही जाणून जगणे. ताळेबंदाचा याहून सोपा अर्थ मला ठाऊक नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नोकरीच्या दृष्टीनेही विचार करा. १९९१ नंतर केवळ सरकारी नोकरीवर विसंबून राहण्याचे दिवस सरले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब जाणणाऱ्या माणसाची गरज लहान व्यापाऱ्यालाही भासू लागली. बारावीनंतर बी. कॉम.चा मार्ग आहेच. सनदी लेखापालाची फाउंडेशन परीक्षाही देता येते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच आहे. पात्र असाल तर अर्ज वेळेत भरा. मुदत चुकवू नका.

कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. संस्थेच्या वह्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. अकरावी-बारावी वाणिज्यची दोन मुले दरमहा कोषाध्यक्षांजवळ बसू द्या. त्यांना प्रत्यक्ष पावती, व्हाउचर, बँकेचे पासबुक ताडून पाहू द्या. त्यांचा अभ्यास पक्का होईल आणि वार्षिक सभेत हिशेब वाचताना आपला आवाज अडखळणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!