विमान सोडू नका

बर्फाळ रानात छोटं विमान कोसळलं… आणि आपण वाचलो. पहिलं काम कोणतं? विमान न सोडणं. 1963 च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या युकॉन भागात राल्फ फ्लोरेस आणि हेलन क्लाबेन असेच कोसळले. दोघंही जखमी. खाण्याचे मोजके डबे लवकरच संपले. उरलं बर्फ वितळवून केलेलं पाणी… आणि थोडी टूथपेस्ट. तरी दोघं 49 दिवस तगली! कारण भूक सावकाश मारते. थंडी एका रात्रीत मारते. मोडकं विमानसुद्धा वारा अडवतं. आणि झाडीत भटकणाऱ्या माणसापेक्षा वरून ते लवकर दिसतं.

कुणी म्हणेल, शोधच थांबला तर? शंका रास्त आहे. आता विमानात संकेत पाठवणारं यंत्र असतं, म्हणून शोध विमानापाशीच येतो. तेव्हा पुन्हा सांगतो, विमान सोडू नका. फ्लोरेसकडे असं यंत्र नव्हतं. शेवटी ते बाहेर पडलेच. पण कशासाठी? दिसण्यासाठी. मोकळी जागा गाठून त्यांनी बर्फ पायांनी तुडवला… आणि भलीमोठी अक्षरं उमटवली. एस… ओ… एस. वरून जाणाऱ्या वैमानिकाला तीच दिसली.