आकडेमोडीचे शास्त्र आणि महासंगणक

इंदूरच्या सुदामा नगरात मराठी घरे बरीच आहेत. मे-जूनचे दिवस आले, की या घरांतून एकच विषय चालू असतो: बारावी झालेल्या मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे? ज्याला संगणकाच्या अभियांत्रिकीत प्रवेश मिळाला तो जिंकला आणि ज्याने होळकर विज्ञान महाविद्यालयात गणित घेऊन बी. एस्सी. करावयाचे ठरविले तो मागे पडला, असा हिशेब वडीलधारी मंडळी मनाशी मांडून ठेवतात. हा हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा, असे वाटावयास लावणारी एक गोष्ट गेल्या चाळीस वर्षांत मराठी माणसांच्याच हातून घडली आहे. ती गोष्ट महासंगणकांची आहे, आणि तिच्या मुळाशी गणिताची एक फारशी बोलली न जाणारी शाखा आहे. तिला संख्यात्मक विश्लेषण म्हणतात. साध्या भाषेत तिला आकडेमोडीचे शास्त्र म्हणावयास हरकत नाही.

शाळेतल्या गणितात उत्तर नेमके येते. व्यवहारातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे तशी येत नाहीत. दोनाचे वर्गमूळच पाहा. त्याचे दशांश कधी संपत नाहीत. तेव्हा खऱ्या उत्तराच्या जवळचे उत्तर काढावयाचे आणि त्यात चूक किती उरली तेही सांगावयाचे, एवढेच माणसाच्या हाती असते. त्याची एक रीत अशी. दीड हा पहिला अंदाज धरावा. दोनाला दीडाने भागले, की एक पूर्णांक एक तृतीयांश येतो. या दोहोंची सरासरी घेतली, की १७ भागिले १२ मिळतात. हीच कृती पुन्हा केली, की ५७७ भागिले ४०८, म्हणजे सुमारे १.४१४२१५७ हे उत्तर येते. खरे मूल्य १.४१४२१३६ च्या आसपास आहे. केवळ दोन पायऱ्यांत पाच दशांशस्थळे बरोबर आली. आपल्या प्राचीन शुल्बसूत्रांत दोनाच्या वर्गमूळाचे जे मूल्य सांगितले आहे ते मांडून पाहिले, तर नेमका हाच अपूर्णांक निघतो. म्हणजे हे शास्त्र संगणकाबरोबर जन्मास आले असे नव्हे. संगणकाने त्याची गरज मात्र शतपटीने वाढविली.

ती कशी, हे एका दुःखद उदाहरणावरून कळेल. संगणक आकडे द्विमान पद्धतीने मांडतो. एक दशांश हा आपल्याला सुटसुटीत वाटणारा अपूर्णांक त्या पद्धतीत कधी पुरा होत नाही. कोठे तरी तोडावा लागतो. १९९१ च्या फेब्रुवारीत आखाती युद्ध चालू असता सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेचे एक क्षेपणास्त्ररोधक यंत्र सुमारे शंभर तास सतत चालू होते. त्याचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने वेळ मोजत असे. तोडलेल्या अपूर्णांकाची अतिसूक्ष्म चूक शंभर तासांत साचून सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकते. ते अडविले गेले नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले. यंत्र वेगवान होते, पण आकडा कोठे तोडला आणि त्या तोडण्याचे पुढे काय होते, याचा विचार पुरा झाला नव्हता. तो विचार करणे हे या शास्त्राचे काम होय.

आता समांतर गणनाकडे वळू. एका गणकाचा वेग वाढवीत नेण्याला मर्यादा आहे. म्हणून अनेक गणक एकाच कामाला जुंपावे, ही कल्पना पुढे आली. तिची पहिली भव्य कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ ल्युईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली कागदावर उतरविली. एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० माणसे बसली आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीच्या एका तुकड्याचे हवामान सोपविले आहे, प्रत्येक जण शेजाऱ्याचे आकडे पाहून आपले आकडे मांडतो आहे आणि मध्यभागी उभा असलेला प्रमुख सर्वांची चाल सारखी राखतो आहे, असे ते चित्र होते. रिचर्डसन यांनी स्वतः हाताने सहा तासांचा अंदाज गणून पाहिला होता. तो साफ चुकला. हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. आरंभीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ बसत नव्हता, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. माणसे साठ हजार असोत की साठ लाख, मांडणीत दोष राहिला तर उत्तर अधिक वेगाने चुकते, एवढाच फरक पडतो.

शिवाय सर्वच कामे वाटून देता येत नाहीत. सणाला पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या करावयाच्या असल्या, तर लाटावयाला आणि भाजावयाला दहा जणी बसल्याने काम झपाट्याने उरकते. परंतु डाळ शिजावयाची ती आपल्या वेळानेच शिजते. १९६७ साली जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने हीच गोष्ट आकड्यांत मांडली. कामाचा एक दशांश भाग न वाटता येणारा असेल, तर ६४ गणक लावूनही वेग पावणेनऊ पटच वाढतो. आणि गणक कितीही वाढविले तरी तो दहा पटींच्या पलीकडे जात नाही. म्हणून न वाटता येणारा भाग कमी कसा करावा, यासाठी रीतच नवी शोधावी लागते. तेथे तारा जोडणाऱ्या अभियंत्याइतकीच गणितज्ञाचीही गरज असते.

भारतात या विद्येने मूळ धरले ते अडचणीच्या काळात. १९८०-९० च्या दशकात अमेरिकेने क्रे कंपनीचे एक यंत्र हवामानाच्या अंदाजासाठी कडक अटींवर दिले. त्याहून समर्थ यंत्र देण्यास नकार दिला. तत्पूर्वीच बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर यंत्र तयार झाले होते. नावाप्रमाणेच ते प्रवाहांची समीकरणे सोडविण्यासाठी होते: प्रश्न आधी, यंत्र मागाहून. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या, नागपूर, बडोदे आणि दिल्ली येथे शिकलेल्या या अभियंत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे ६४ छोटे गणक होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार वाटा होत्या. रिचर्डसन यांच्या सभागृहाचीच ती लहानशी आवृत्ती म्हणावी लागेल. यंत्राचे सुटे भाग बाहेरून आणता येत होते. त्यांच्यात काम वाटण्याची विद्या मात्र येथेच घडवावी लागली, आणि ती घडली.

दुसरे नाव तर मध्य प्रदेशातलेच आहे. ग्वाल्हेर येथे जन्मलेले नरेंद्र करमरकर मुंबईच्या आय. आय. टी.त शिकून अमेरिकेला गेले आणि १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असता त्यांनी जगाला चकित करणारी एक रीत प्रसिद्ध केली. मर्यादित साधनसामग्री अनेक कामांत कशी वाटावी म्हणजे लाभ अधिकांत अधिक होईल, हा प्रश्न कारखान्यांपासून विमानकंपन्यांपर्यंत सर्वांना पडतो. गणिताच्या भाषेत त्याची सर्व शक्य उत्तरे मिळून एक बहुपृष्ठक घन होतो. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी दिलेली रीत या घनाच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात उत्तर शोधते. करमरकरांनी घनाच्या आतून वाट काढली. या वाटेने जाताना प्रत्येक पावलाला समीकरणांचा एक मोठा संच सोडवावा लागतो. म्हणजे पुन्हा आकडेमोडीचे शास्त्र आलेच. १९९१ साली त्यांनी अशा गणनासाठी समांतर यंत्राची रचना प्रक्षेपीय भूमितीच्या आधारे कशी करावी, यावर निबंध लिहिला. जी भूमिती केवळ शोभेची समजली जाते, ती यंत्रातील गणकांच्या जोडणीच्या कामी आणावी, हा विचार गणिताच्या विद्यार्थ्यांनी मनात ठेवण्याजोगा आहे.

आज या शास्त्राचा संबंध माळव्याच्या शेतकऱ्याशीही येतो. जूनअखेरीस सोयाबीन पेरावे की आणखी चार दिवस थांबावे, हे त्याला पावसावरून ठरवावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक कार्यान्वित झाला, आणि तेथेच विकसित केलेली, देशाचे सुमारे सहा किलोमीटरचे चौकोन धरून अंदाज सांगणारी पद्धत २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाली. पूर्वी हे अंतर बारा किलोमीटर होते. अंतर निम्मे झाले म्हणजे काम दुप्पट झाले, असे कोणासही वाटेल. परंतु लांबीत दुप्पट आणि रुंदीत दुप्पट मिळून चौकोन चौपट होतात. शिवाय १९२८ साली कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी दाखविल्याप्रमाणे, अंतराचे पाऊल लहान केले, की साध्या रीतींत काळाचे पाऊलही तितकेच लहान करावे लागते. नाही तर उत्तर भडकत जाते. म्हणजे ढोबळ हिशेबाने काम आठपट. एवढे काम यंत्रावर ढकलावे, की रीत सुधारून वाचवावे, हे ठरविणारी माणसे हवी आहेत.

अशा माणसांची गरज सुदामा नगरापासून फार दूर नाही. शहराच्या त्याच अंगाला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथील ‘इंडस-२’ या यंत्रात सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यातून इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या घालतात. त्यांची वाट आधी गणून पाहावयाची, तर प्रत्येक फेरीतली बारीक चूक लाखो फेऱ्यांनंतर किती होईल, हे माहीत असावे लागते. सिमरोलला २००९ साली स्थापन झालेली आय. आय. टी. आहे. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन मिशन मंजूर झाले आणि त्याखाली खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड येथील आय. आय. टी.मध्ये प्रशिक्षणाची केंद्रे निघाली. गणितात एम. एस्सी. करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या आहेत. आणि १९९३ पासून उन्हाळी सुटीत भरत आलेल्या एम. टी. टी. एस. या गणितशिबिरांनी लहान गावांतील कितीतरी विद्यार्थ्यांना स्वतः विचार करावयास शिकविले आहे. या वाटा पाठांतराने उघडत नाहीत. त्यांसाठी रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणे मन लावून शिकावी लागतात, आणि एखादी रीत संगणकाला शिकवून ती कोठे फसते हे पाहण्याची चिकाटी लागते.

यंत्रे विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. एकेकाळी नाकारली गेली तशी उद्या पुन्हा नाकारलीही जातील. यंत्राला काय सांगावयाचे आणि त्याच्या उत्तरावर कितपत विश्वास टाकावयाचा, हे जाणणारी बुद्धी ज्या समाजाजवळ आहे, त्याचे अशा वेळी अडत नाही. १९९१ साली पुण्याचे अडले नाही, ते याच कारणाने. तेव्हा यंदा एखाद्या घरातील मुलगी गणितच घ्यावयाचे म्हणून हटून बसली, तर तिला मागे पडलेली समजू नये. तिला वह्या घेऊन द्याव्यात, जमल्यास एक साधा संगणकही द्यावा, आणि दोनाचे वर्गमूळ किती पायऱ्यांत आणि किती चुकीने काढतेस, एवढे आवर्जून विचारावे.