आधी केलेली मेहनत

श्रोतेहो, लंडनच्या दुमजली बसगाडीवर पूर्वी दोन माणसे असत. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर मात्र तिकिटे देत जिना चढे-उतरे, दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या! डॉ. जेरी मॉरिस यांनी या कामगारांची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तरी तो प्राणावर बेतण्याचे प्रमाणही कमी.

कोणी म्हणेल, ड्रायव्हर मुळातच लठ्ठ असतील. मॉरिसनाही ती शंका आली. त्यांनी गणवेशांची मापे काढून पाहिली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला खरोखरच रुंद निघाल्या! तेव्हा एका पाहणीवर सारा भार टाकू नये हे बरे.

पण १९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांवर एक प्रयोग झाला. हृदयाची रक्तवाहिनी आधी पाच-पाच मिनिटे, अशी चार वेळा दाबून सोडली. मग सलग चाळीस मिनिटे बंद ठेवली. अशा हृदयात मेलेला भाग एरवीच्या चौथाईच भरला. थोडी ओढाताण सोसलेला स्नायू मोठ्या संकटाला तयार होता म्हणा ना! काही आठवडे पळवलेल्या उंदरांचा मेंदूही रक्त अडल्यावर कमी नासतो, असे आढळले आहे.

तेव्हा गुरुजी, कवायतीचा तास गणिताला देऊ नका. आणि ध्यानात ठेवा, ही सारी आधीच्या मेहनतीची गोष्ट झाली. छातीत कळ आली किंवा तोंड वाकडे झाले, तर चालून बघायचे नाही. लगेच १०८ला फोन करायचा.