वन बाय टू
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



बाहेरचं खाणंपिणं आणि घरातली काटकसर या विषयावर बोलायला केंद्रावरून फोन आला, तेव्हा माझी पत्नी शेजारीच उभी होती. ती मोठ्यानं हसली. म्हणाली, "तुम? और काटकसर?" तिचं हसणं रास्त होतं. कविसंमेलनाचं मानधन खिशात घेऊन निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत त्यातलं अर्धं चहा-भज्यांत घालवतो, हे तिनं तीस वर्षं पाहिलं आहे. पण विषय मला आवडला. पैसे कसे जातात, हे ज्याच्या हातून ते गेलेत त्यालाच नीट सांगता येतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही एक वही केली. किराणा, वीज, गॅस यांचा हिशेब आमच्याकडे होताच. या वहीत फक्त घराबाहेर किंवा बाहेरून आणून जे तोंडात गेलं, तेवढंच लिहायचं. महिनाअखेरीला बेरीज मांडली. माझा बाहेरचा चहा-नाष्टा १,१४० रुपये. सहा वेळा आणलेलं पार्सल २,२८०. बेकरी, फरसाण, थंडपेयं ८७०. आणि एकदा सगळे मिळून हॉटेलात गेलो त्याचे १,६५०. एकूण ५,९४० रुपये. वर्षाचे बारा महिने धरले तर ७१,२८०. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी मागच्याच महिन्यात मी पतपेढीत अर्ज केला होता!

गंमत म्हणजे एवढे पैसे गेले, पण त्यातलं लक्षात काय राहिलं, असं विचारलं तर मोजून दोन गोष्टी. बाकीचं खाणं कंटाळ्याचं होतं. ऑफिसातून उशीर झाला म्हणून पार्सल. पाऊस आला म्हणून भजी. कुणी भेटलं म्हणून चहा, कुणीच भेटलं नाही म्हणूनही चहा. पैसे गेले याचं दुःख कमी, हौस न होताच गेले याचं जास्त.

तेव्हा मला अब्बांची आठवण झाली. आमचं गाव सोलापूर. अब्बा गिरणीत होते. पगाराच्या दिवशी संध्याकाळी ते आम्हां दोघा भावांना गिरणीजवळच्या हॉटेलात न्यायचे. पण निघायच्या आधी अम्मा आम्हाला ज्वारीची भाकरी आणि आमटी खाऊ घालायची. आम्हाला राग यायचा. हॉटेलात जायचं तर पोट रिकामं नको का? तिथे अब्बा एक प्लेट भजी आणि दोन चहा सांगायचे, तीन बशांत. आमच्याकडे कर्नाटकाचा शेजार, त्यामुळे एका चहाचे दोन करायचे असले की 'वन बाय टू' म्हणायची पद्धत. आमचा असे तो 'टू बाय थ्री'. भजी सावकाश, एकेक, मोजून खायची. अब्बा म्हणायचे, "पेट घर में भरना, मजा बाहर करना." लहानपणी तो मला शुद्ध चिक्कूपणा वाटायचा. पन्नाशी उलटल्यावर, ती वही हातात घेतल्यावर, त्यातलं शहाणपण कळलं. भुकेला माणूस हॉटेलात गेला की ऑर्डर तो देत नाही, त्याचं पोट देतं. सूप, स्टार्टर, दोन भाज्या, रोट्या, वर पुन्हा बिर्याणी. आणि शेवटी निम्मी बिर्याणी ताटात.

तेव्हा पहिला नियम अब्बांचाच केला. हॉटेलात जायचं ते घरी होत नाही अशा पदार्थासाठी. डाळ-भात खायला आणि दही मागवायला जायचं नाही. आधी थोडं मागवायचं, लागलं तर पुन्हा सांगायचं. उरलं तर लाज न बाळगता बांधून आणायचं. बाटलीच्या आधी साधं पाणी मागायचं. आणि उठण्यापूर्वी बिल वाचायचं.

बिल वाचायला आपण लाजतो. गल्ल्यावरचा मालक काय म्हणेल! पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, कर. मोठ्या तारांकित हॉटेलांचा अपवाद सोडला तर १५ नोव्हेंबर २०१७ पासून हॉटेलातल्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी आहे, मग हॉटेल एसी असो की बिनएसी. आणि ज्या छोट्या हॉटेलांनी कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांना गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. तसं बिलावर लिहिणंही त्यांना बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट, सेवाशुल्क. बिलाच्या तळाशी पाच-दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असतो आणि तो सरकारी कर समजून आपण मुकाट भरतो. तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली, की हॉटेलांनी तो आपोआप बिलात धरू नये, देणं न देणं गिऱ्हाईकाच्या मर्जीवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वं उचलून धरली. तेव्हा शांतपणे, आवाज न चढवता, तो काढायला सांगावं. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मात्र वाचलेल्या पैशातले दहा-वीस रुपये, ज्यानं आपलं टेबल पुसलं त्याच्या हातावर ठेवावेत.

आता घरबसल्या मागवण्याबद्दल. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. सुट्टीला आली की म्हणते, "अब्बा, मी ॲपवर मागवते, तुम्ही बसा." एकदा मी हट्टानं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या घरापासून बारा मिनिटांच्या वाटेवर एक बिर्याणीवाला आहे. त्याच्या दुकानात फुल प्लेट १८० रुपये. ॲपवर तीच २२०. वर पॅकिंग, पोहोचवणावळ, प्लॅटफॉर्म फी, कर. हातात पडेपर्यंत २९६. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, ॲपवाल्याला कमिशन द्यावं लागतं, ते कुठून काढू?" त्याचंही खरं. ही प्लॅटफॉर्म फी मोठ्या ॲपवाल्यांनी २०२३ साली दोन रुपयांपासून सुरू केली आणि पुढे ती वाढत गेली. दोन रुपयांसाठी कोण भांडतो? हेच तर त्यातलं गणित. आणखी एक गोम आहे. 'अजून ४० रुपयांचं घ्या, पोहोचवणं फुकट!' मग आपण नको असलेला गुलाबजाम घेतो आणि पैसे वाचवल्याचं समाधानही मानतो. त्या दिवसापासून पार्सल आणायला मी पायी जातो, स्टीलचा डबा घेऊन. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा चार दिवस सगळ्यांनी डबे बाहेर काढले होते, मग पुन्हा माळ्यावर टाकले. ते खाली घ्यायला हरकत नाही. आणि बारा मिनिटं चालायचं म्हटल्यावर निम्म्या वेळा माणूस म्हणतो, जाऊ दे, घरात अंडी आहेत!

गोडाधोडाचंही तसंच. माझ्या लहानपणी ईद किंवा दिवाळी जवळ आली की गल्लीतल्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायच्या. तिथेच बसून पीठ मळायचं, नानखटाया वळायच्या, पत्र्यावर मांडायच्या. बेकरीवाला भट्टीत घालून भाजून द्यायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. ईदेला आमच्या अम्माच्या मदतीला शेजारच्या काकू, दिवाळीला काकूंच्या मदतीला अम्मा. घरी पत्र्याचा डबा भरून नानखटाई यायची आणि डब्यावर अम्माची नजर असायची. ही सोय अजून काही गावांत काही बेकऱ्यांत मिळते. तयार मिठाईच्या पुड्यापेक्षा खर्च नक्कीच कमी येतो. वेळ जातो हे खरं, पण त्या वेळात जे बोलणं होतं ते दुकानात मिळत नाही. रमजानमध्ये विजापूर वेशीकडे गेलं की खाण्याच्या गाड्यांवर डोळा ठरत नाही. तिथे आम्ही महिन्यातून एकदाच जातो आणि मनसोक्त खातो. बाकीचे दिवस रोजा सुटतो तो खजूर, केळं आणि घरच्या भज्यांवर. शेजारी एक ताट जातं, आणि ते ताट रिकामं परत येत नाही.

इथवर मी वाचवलेल्या पैशांचं बोललो. आता एक वेगळी गोष्ट सांगायची आहे.

आम्ही पाच मित्र दर रविवारी सकाळी जमतो. कुणी शिक्षक, कुणी कारकून, एक जण पुस्तकबांधणीचं काम करतो. पाचही जण कविता लिहितात, म्हणजे ऐकणारे तेच आणि ऐकवणारे तेच. वर्षानुवर्षं आमची जागा पार्क चौकाजवळचं एक साधं हॉटेल होतं. चहा वन बाय टू. पुढे आमच्यापैकी एकाला सातव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली आणि त्यानं आम्हाला एका नव्या एसी हॉटेलात नेलं. गार हवा, मऊ खुर्च्या, हळू आवाजात गाणी. आम्हाला आवडलं. मग तिथेच जमू लागलो. बिल पाळीपाळीनं द्यायचं ठरलं.

काही रविवारांनंतर बांधणीवाला मित्र यायचा बंद झाला. आधी गुडघा दुखत होता, मग पाहुणे आले होते, मग काम होतं. चार महिने गेले. एका रविवारी माझं हस्तलिखित बांधायला द्यायचं निमित्त करून मी त्याच्या दुकानात गेलो. तो पुठ्ठ्याला खळ लावत बसला होता. मला बघून खुलला. पोऱ्याला म्हणाला, "दोनात तीन सांग रे." चहा आला, पोऱ्यासकट तिघांनी घेतला. मी म्हटलं, "मालक, रविवारी का येत नाही?" सोलापुरात आम्ही सगळेच एकमेकांना मालक म्हणतो, खिशात काही असो नसो. तो ब्रश खाली ठेवत म्हणाला, "मालक, तुमची कविता ऐकायला नव्वद रुपये पडायलेत. आन् पाळी आली की साडेचारशे. माझी दिवसाची मजुरी तेवढी होत नाही."

नव्वद पाचा साडेचारशे. हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी घरी वही लिहीत होतो, ॲपच्या दोन रुपयांचा हिशेब मांडत होतो. त्या कॉफीचे नव्वद रुपये माझ्या वहीत होते, त्याच्या खिशातले मात्र मी कधी धरलेच नाहीत.

पुढच्या रविवारी मी हे इतरांना सांगितलं. थकबाकीवाला मित्र दुखावला. म्हणाला, "मला सांगायचं, मी भरले असते की त्याचे." तो मनापासून बोलत होता. पण दर रविवारी दुसऱ्यानं पैसे भरायचे आणि आपण कविता वाचायची, हे त्या माणसाला जमलं नसतं. मलाही नसतं जमलं. आम्ही जुन्या हॉटेलात परत आलो. तो तिसऱ्या रविवारी आला, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बसला आणि मोठी कविता वाचली. चांगली नव्हती, पण आम्ही दाद दिली. दुखावलेला मित्र अजून मधूनमधून एसीची आठवण काढतो. काढू दे.

तेव्हा श्रोतेहो, बाहेर खायचं ठिकाण निवडताना आपल्या खिशाबरोबर सोबत्याचा खिसाही बघावा. पुष्कळ माणसं आपल्यातून उठून जातात ती भांडून नव्हे, बिलाच्या धाकानं. ज्याची ऐपत कमी त्याला परवडेल अशी जागा निवडली, तर पैसे सगळ्यांचेच वाचतात. आणि काटकसरीची सुरुवात भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करून करू नये. सेवाशुल्क मुकाट भरणारे आपणच तिथे शूर होतो.

आमच्या वहीचं पुढे काय झालं? चार महिन्यांत महिन्याचा खर्च ५,९४० वरून २,७०० पर्यंत उतरला. म्हणजे महिन्याला ३,२४० वाचले. पतपेढीचा अर्ज मागे घेता आला नाही, पण पुढच्या वर्षी तो करावा लागला नाही. हिशेब तपासताना मात्र एक गोष्ट दिसली. माझा चहा कमी झाला होता, पण बंद नव्हता. मुलाचं थंडपेय कमी झालं होतं. दर शुक्रवारी पत्नी तीस रुपयांची कुल्फी खायची, ती मात्र पहिल्याच महिन्यापासून गायब होती. तिनं कुणाला न विचारता आधी स्वतःचंच कापलं होतं. घरोघर असंच होत असावं. काटकसर सुरू होते ती घरातल्या बाईच्या वाटणीपासून, आणि आपण तिचं कौतुक करून मोकळे होतो.

त्या शुक्रवारी मी कुल्फी घेऊन आलो. तिनं आधी विचारलं, "कित्ते की लाए?" मग म्हणाली, "ये वही में नक्को लिखो."

तेव्हापासून मी ती लिहीत नाही. वहीची बेरीज दर महिन्याला एकशेवीस रुपयांनी चुकते. चुकू दे.